काळीवर घर, पांढरीची आठवण : आपल्या पार्किंगच्या फरशीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. वसमत तालुक्यातला आपला एक श्रोता आहे. गावाबाहेर, रस्त्याला लागून एनए प्लॉट घेतला, चार वर्षांपूर्वी तिथं घर बांधलं, पुढं गाडी लावायला पोर्च काढला. तो म्हणतो, "दादा, पोर्चमध्ये भारीतली चकचकीत टाइल टाकली होती. दोनच पावसाळ्यांत मधोमध फुगली, कडेला तडकली. त्यात गेल्या आषाढात आजी ओल्या टाइलवरून घसरली, मनगट मोडलं. तेव्हापासून आजी पुढं बसायलाच येत नाही, आतल्या खोलीत पडून असते. आता हळदीचे पैसे आलेत. पप्पा म्हणायले, उखडून टाक आणि नवीन बसव. पेव्हर ब्लॉक टाकू, पार्किंग टाइल टाकू का इपॉक्सी मारू?"

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर हा प्रश्न कशाला? हा तर मिस्त्रीला विचारायचा. पण मी दोन दिवस विचार करत बसलो आणि लक्षात आलं की त्याच्या टाइल का फुटल्या, याचं उत्तर दुकानात नाहीये. ते शे-दीडशे वर्षांच्या गोष्टीत आहे. चला तर मग.

आधी गॅरेज कशाला म्हणायचं ते बघू

हिंगोलीत कुणाला विचारा, "गॅरेज कुठंय?" तो तुम्हाला थेट मिस्त्रीकडं पाठवेल, जिथं गाडीचं इंजिन खोलून ठेवलेलं असतं. घरात गाडी लावायच्या जागेला आपण गॅरेज म्हणतच नाही. कुणी पोर्च म्हणतं, कुणी पार्किंग, कुणी शेड. हा शब्द मूळचा फ्रेंच. तिकडं मोटारी आल्या तेव्हा गाडी आत घेऊन ठेवण्याच्या जागेला ते गॅरेज म्हणू लागले, तिथून इंग्रजीत आला आणि आपल्याकडं येईपर्यंत त्याचा अर्थ दुरुस्तीचं दुकान असा झाला.

पण वस्तू आपल्याकडं नव्हती असं नाही हं. गाडी आपल्याकडं आधीपासून होतीच, फक्त तिला बैल जुंपलेले असायचे. मराठवाड्यातला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. मोठा दरवाजा, आत गेलं की ढाळज, म्हणजे आल्यागेल्याला बसायची जागा. मग अंगण, ओसरी आणि एका अंगाला गोठा. बैलगाडी दारात नाहीतर छपरीत, बैल दावणीला. आजच्या पार्किंगचा खरा पूर्वज हा गोठा.

आणि गोठ्याची भुई कशी असायची? गव्हाणीकडची बाजू थोडी उंच, मागं उतार, म्हणजे मूत वाहून जाईल. खाली दगड किंवा ठोकलेला मुरूम, पण खडबडीत, म्हणजे बैलाचा खूर घसरणार नाही. बैल घसरून पाय मोडला तर त्या वर्षाची पेरणीच बोंबलली. त्यामुळं गोठ्याची भुई दिसायला कशी आहे याला किंमत नव्हती. पाणी निघून जातं का आणि पाय धरून राहतो का, एवढंच बघायचे. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहेत.

घरातली भुई वेगळी. मुरूम आणि पांढरी माती पसरायची, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायची, चोपून चोपून घट्ट करायची आणि वर शेणाचं सारवण. शेणातल्या काडीकचऱ्याच्या बारीक तंतूंमुळं माती धरून राहते, धूळ उडत नाही. भेग पडली तर? पुढच्या सारवणात बुजली. दुरुस्तीला कुणाला बोलवायची गरज नाही. पण इथं जरा थांबूया, कारण "जुनं ते सोनं" म्हणणं सोपं असतं. ही दुरुस्ती फुकट नव्हती. आठवड्याला, सणावाराला, पाहुणे यायच्या आधी कुणीतरी वाकून हातानं अख्खं घर सारवत होतं. ते कोण, हे सांगायला नको. घरात फरशी आली तेव्हा सगळ्यात जास्त सुटका कुणाची झाली, ते आपल्या आजीला विचारा.

काळी आणि पांढरी

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुन्या मराठीत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन. पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. जुन्या कागदपत्रांतही हे शब्द येतात. गाव पांढरीवर बसायचं आणि पीक काळीवर यायचं.

हे फक्त रंगाचं नाव नाही, यामागं भूगर्भशास्त्र आहे. आपलं दख्खनचं पठार साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं बनलंय. तो थिजला आणि बेसॉल्ट झाला, आपला काळा पाषाण. औंढा नागनाथाचं मंदिर बघितलंय ना? ते याच काळ्या दगडाचं. हाच दगड ऊन-पावसानं अर्धवट कुजला की मुरूम होतो. आणि पूर्ण कुजला की काळी माती. म्हणजे मंदिराचा दगड, रस्त्यावरचा मुरूम आणि आपल्या रानातली माती ही एकाच घरातली तीन भावंडं आहेत.

पण स्वभाव तिघांचे वेगळे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिते आणि फुगते. उन्हाळ्यात वाळते, आकसते आणि भेगा पडतात. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही बघितल्याच असतील. कापसाला, हळदीला हे चांगलं, कारण ओल धरून राहते. घराला मात्र हे म्हणजे श्वास घेणाऱ्या जनावराच्या पाठीवर बसल्यासारखं. पावसाळ्यात ते वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं. मुरूम तसं फारसं करत नाही. पांढरी मातीही तेवढी फुगत नाही. म्हणून जुन्या लोकांनी वस्तीला पांढरी धरली आणि पिकाला काळी ठेवली.

मग आपण काळीवर कधी गेलो? हळूहळू. गावठाणात जागा पुरेना, भाऊ वेगळे झाले, मोटारीला गल्लीत वळायला जागा नाही. त्यात ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात जुन्या घराची धास्ती बसली आणि सिमेंटच्या घराचा भरवसा वाढला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, शहर चहूबाजूंनी पसरायला लागलं. आज रस्त्याकडेला जे प्लॉट पडतात, ते कालपर्यंत कुणाचं तरी सोयाबीनचं, कापसाचं रान होतं. म्हणजे आपण घर उचलून पांढरीवरून काळीवर आणलं. फरशी बदलली हे सगळ्यांना दिसलं, खालची माती बदलली हे कुणाला दिसलं नाही.

आपल्या मित्राच्या टाइल इथं फुटल्या, भावांनो.

शहाबादी आली

आता वरच्या थराकडं येऊ. आपल्याकडं मातीच्या भुईनंतर आली ती शहाबादी फरशी. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. पण १९४८ पर्यंत हिंगोली आणि शहाबाद दोन्ही एकाच राज्यात होते, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि गुलबर्गा म्हैसूरकडं गेला. दगडाला अर्थात त्याचं काही घेणंदेणं नव्हतं, तो येतच राहिला.

शहाबादी हा चुनखडीचा दगड. जमिनीत थरावर थर असतो, त्यामुळं त्याच्या सपाट लाद्या निघतात, फार तासावं लागत नाही. शहाबाद मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळं लाद्या लांबवर जाऊ शकल्या. शाळेचे व्हरांडे, बसस्टँड, सरकारी दवाखाने, तहसील कचेरी, जिथं बघाल तिथं ती करड्या रंगाची फरशी. पॉलिश न केलेली शहाबादी पायाला धरते, उन्हात फार झळकत नाही. दोष एकच, चुनखडी असल्यामुळं तिला आम्ल सोसत नाही. बाथरूमचं ॲसिड ओतलं किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं पाणी सांडलं की तिथं ती खाल्ली जाते. लिंबू पिळला तरी डाग राहतो.

आणि मजा बघा, हीच चुनखडी भट्टीत गेली की सिमेंट होतं. शहाबादला सिमेंटचा कारखानाही उभा राहिला. १९३६ मध्ये देशातल्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, त्यात शहाबाद सिमेंट कंपनीही होती. एकाच खाणपट्ट्यातून आपल्याला लादीही मिळाली आणि ती लादी मागं टाकणारं सिमेंटही.

सिमेंटसाठी रांगा

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिननं १८२४ मध्ये घेतलं. आपल्याकडं १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यापासून या धंद्यानं मूळ धरलं. १९२२ मध्ये मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली. स्वदेशीच्या वातावरणात, परदेशी टाइलला टक्कर द्यायची म्हणून त्यांनी रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल बनवल्या. मुंबईच्या जुन्या इमारतींमध्ये त्या आजही दिसतात.

आपल्याकडच्या साध्या घरात मात्र आला तो कोबा. सिमेंट-वाळूचा थर, वर निरू मारून घोटून घोटून गुळगुळीत केलेला, कधी लाल रंग टाकलेला. दुपारी त्यावर उघड्या अंगानं झोपायचं सुख ज्यानं घेतलंय, त्यालाच माहीत.

पण कोबा करायचा तरी सिमेंट मिळायला हवं ना? आज फोन केला की पोती दारात. तुमच्या आजोबांच्या काळात सिमेंटची किंमत आणि वाटप सरकारच्या ताब्यात होतं. परमिट काढा, अर्ज करा, वाट बघा. स्कूटरचंही तेच. बजाजची चेतक बुक करायची आणि वर्षानुवर्षं थांबायचं. म्हणजे गाडीलाही रांग आणि गाडीखालच्या फरशीलाही रांग! या सिमेंटच्या वाटपावरूनच महाराष्ट्रात मोठं प्रकरण गाजलं. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते. सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा ठपका मुंबई हायकोर्टानं ठेवला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण.

बरोबर मध्ये, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० आली. सिमेंट मोकळं झालं, गाडी आवाक्यात आली. तालुक्याच्या गावात घरापुढं पोर्च काढायची पद्धत या दोन गोष्टींच्या पोटी जन्माला आली.

मग सगळं चकचकीत झालं

नव्वदीनंतर बाजार खुला झाला. राजस्थानातून हिरवट कोटा आला, गुजरातच्या मोरबीतून टाइल आल्या. आज देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाइल एकट्या मोरबी परिसरात बनतात. व्हिट्रिफाइड टाइल जवळपास पाणीच पीत नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यामुळं डाग बसत नाही, हळदीचासुद्धा. घरात ती उत्तमच. पण जी टाइल पाणी आत घेत नाही, तिच्यावर पाणी वरच राहतं. गुळगुळीत टाइल, वर पावसाचं पाणी आणि पायात रबरी चप्पल. आजीचं मनगट असं मोडलं.

दुसरी गोष्ट वजनाची. साधी छोटी कार नऊशे-हजार किलोची. हे सगळं वजन चार टायरखालच्या तळहाताएवढ्या चार जागांवर येतं. टाइलखाली मसाला सगळीकडं भरला नसेल, नुसते पाच ठिपके ठेवून बसवली असेल, तर मध्ये पोकळी राहते. तिथं चाक आलं की टाइल बसलीच. नाणं घेऊन टाइलवर टकटक करा, पोकळ आवाज आला तर समजा.

पेव्हर ब्लॉकचा जन्म युरोपातला. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांच्या रस्त्यांना विटा कमी पडू लागल्या, म्हणून काँक्रीटचे ठोकळे आले. आणि इपॉक्सी? तुम्ही लहानपणापासून ओळखता तिला. तुटलेलं खेळणं चिकटवायला दोन ट्यूब एकत्र करायचो ना, ते ॲराल्डाइट म्हणजे इपॉक्सीच. १९३०-४० च्या दशकात युरोपात ते रसायन तयार झालं, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं ते बाजारात आणलं. पुढं कारखान्यांच्या फरशांवर गेलं आणि आता यूट्यूबवर अमेरिकेतल्या घरांची आरशासारखी चमकणारी गॅरेजं बघून आपल्यालाही वाटतं, आपणही मारावं. फक्त त्याला खाली कोरडा काँक्रीट लागतो. आपल्याकडं जमिनीतून ओल वर येते. ओल आली की इपॉक्सी पापुद्र्यासारखी निघते. शिवाय उन्हानं ती पिवळी पडते. प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला, तर इपॉक्सीचा नाद सोडा.

मग मित्रानं काय करावं?

आता उत्तर. आधी एक तपासणी. मार्च २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले. तेव्हापासून कुठं भेग दिसली की भूकंपाचं नाव निघतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण करून ठेवा. ती उन्हाळ्यात रुंदावली आणि पावसाळ्यात मिटली, तर काम खालच्या काळीचं आहे.

काळीवर उपाय काय? आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात यावर मूलभूत काम केलं. काळ्या मातीवर, न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, साधारण मीटरभराचा थर दाबून घातला, की खालच्या मातीचं फुगणं आटोक्यात येतं. कालव्यांच्या बांधकामात ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडं तसा थर द्यायला चांगला, थोडी माती असलेला मुरूम चालतो. म्हणजे काळीचं औषध तिचंच भावंड! आजोबांची भुई मुरमावर होती, ते काही उगाच नाही.

तेव्हा मित्रा, हळदीच्या पैशातला मोठा वाटा वर नको, खाली घाल. पोर्चमधली काळी माती जेवढी खोल काढता येईल तेवढी काढ, निदान दोन-तीन फूट. मात्र घराच्या पायाजवळ खणताना इंजिनिअरला उभं कर. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात भर, पाणी मार, प्रत्येक थर मशीननं दाब. नुसती वाळू भरू नको, तिच्यातून पाणी झिरपून खाली साठतं. छताच्या पाण्याचा पाइप पोर्चच्या कडेला सोडू नको, लांब ने. कडेला फुलझाडांचा वाफा असेल तर तोही हलव, कारण रोजचं पाणी म्हणजे काळीला रोजचं जेवण.

वर काय? माझं मत पेव्हर ब्लॉक. कारसाठी साठ मिलिमीटर, ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर ऐंशी. कडेनं काँक्रीटची पट्टी, नाहीतर ब्लॉक सरकतात. पेव्हरचा मोठा गुण म्हणजे जमीन थोडी हलली तरी तो फुटत नाही, खाली-वर होतो. मग चार ब्लॉक उचलायचे, खालची जागा सारखी करायची, परत बसवायचे. सारवणानंतर घरच्या घरी दुरुस्त होणारी ही पहिली भुई म्हणायची. सलग काँक्रीटच हवं असेल तर तेही चालेल. चार-पाच इंच जाड, दर आठ-दहा फुटांवर सांधा आणि ओलं असतानाच वरून खराटा फिरवलेला, म्हणजे पाय धरेल. पाणी मात्र नीट मार, काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात. गाडी लावायची घाई करू नको.

उतार दर पाच फुटांना एक इंच, दरवाज्यापासून रस्त्याकडं. सोयाबीनची, हळदीची पोती ठेवणार असशील तर खाली लाकडी फळ्या टाक, जमिनीवर थेट नको.

आणि दारापासून फाटकापर्यंत दोन-अडीच फुटांची एक सपाट वाट कर, पॉलिश न केलेल्या शहाबादीची, भिंतीला धरायला दांडा लावून. ती आजीसाठी. तुमचा पोर्च गाडी लावायची जागा आहे, पण तुमच्या आजीला ती ढाळज आहे. येणारे-जाणारे दिसतात, कुणीतरी "काय चाललंय आजी?" म्हणून विचारतं. कार काय, कुठंही उभी राहील.

बैलासाठी जेवढा विचार आपल्या पणजोबांनी केला होता, पाणी निघून जातं का आणि पाय धरून राहतो का, तेवढा आजीसाठी करूया.

काम झालं की फोटो पाठव रे. गाडीचा नको, आजी पुढं येऊन बसली की तिचा पाठव.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या घराखाली काळी आहे का पांढरी, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा आणि आम्हाला कळवा.